उमेदवाराची दौलत छापता, तसा देण्याचा रकाना पण छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की तुमच्या पेपरात दोन-तीन दिवस एकच बातमी फिरते, अमुक उमेदवार इतक्या कोटींचा मालक, बायकोच्या अंगावर इतके तोळे, गाड्या किती, जमीन किती एकर. आमच्या स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर पण तेवढंच मोठ्याने वाचलं जातं आणि पेपर घडी होऊन बाजूला पडतो. मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची १२ वर्षं वसुलीला होतो, त्यामुळे माझं लक्ष सवयीने दुसऱ्या बाजूला जातं, देणं किती आहे, कुणाचं आहे, आणि कधीपासून थकलंय. हा रकाना उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात असतो हो, पण छापून आलेला मी फारच कमी वेळा बघितलाय.

आमदार-खासदारकीच्या उमेदवाराला २६ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. २००२ आणि २००३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे हे सगळं सुरू झालं, नाहीतर त्याआधी मतदाराला काहीच कळायचं नाही. त्यात बँकेचं कर्ज किती हे तर लिहायचंच, पण खाजगी माणसाकडून पैसे घेतले असतील तर त्याचं नाव आणि रक्कम पण लिहायची. लाईट बिल, पाणीपट्टी, सरकारी घराचं भाडं, इन्कम टॅक्स, काय थकलं असेल ते सगळं. स्वतःचं, बायकोचं, अवलंबून असलेल्यांचं. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते असं लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२५ अ आहे. म्हणजे कागद चांगला आहे. पण त्या कागदात कर्ज थकलंय की हप्ते नीट चाललेत हे विचारलेलं नाही, आणि ज्याने हातउसने दिले तो माणूस सरकारी कामं घेणारा ठेकेदार आहे का हे पण विचारलेलं नाही. उमेदवाराची स्वतःची सरकारी कंत्राटं विचारतात, त्याला पैसे देणाऱ्याची विचारत नाहीत. वसुलीवाल्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडतो.

आता आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर पत्राचा अर्थ उलटा लागेल. कर्ज असणं ही काही लाजेची गोष्ट नाही. आमच्या तालुक्यात सोसायटीचं, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचं, कर्ज नाही असं घर दाखवा. सातबाऱ्यावर बोजा असतोच, मार्च आला की नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं भरलं असं दाखवून लगेच नवं उचलायचं, पाऊस नाही झाला की पुन्हा तेच. अशा घरातला माणूस सरपंच झाला, झेडपी सदस्य झाला तर मला उलट बरं वाटतं कारण त्याला थकबाकीची नोटीस म्हणजे काय हे माहीत असतं. मानधन बघा, २ हजारपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाच्या सरपंचाला ३ हजार मिळायचे, २०२४ मध्ये सरकारने ते ६ हजार केले. थेट सरपंचाच्या निवडणुकीला खर्चाची मर्यादा आधी गावाच्या आकारानुसार ५० हजारापासून पावणेदोन लाखापर्यंत होती, आणि खरा खर्च किती होतो ते गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा. हा खड्डा मानधनातून भरणं शक्य नाही. मग तो कशातून भरतो हा प्रश्न आहे.

मी एक घडलेली गोष्ट सांगतो, गावाचं आणि माणसाचं नाव घेत नाही. एक सरपंच होते, माणूस सरळ. डाळिंबाची दोन एकर बाग, तेल्या रोगाने गेली. सोसायटीचं पीककर्ज होतं, आमच्या बँकेचं ट्रॅक्टरचं होतं, पाठोपाठ मुलीचं लग्न. गावातल्या पोरांनी उभं केलं म्हणून उभे राहिले, आणि निवडणुकीच्या आठ दिवस आधी हातात पैसा संपला. तेव्हा तालुक्यातला एक ठेकेदार रात्री घरी आला आणि दोन लाख देऊन गेला. कागद नाही, चिठ्ठी नाही, व्याज नाही. नुसतं म्हणाला की सरपंच व्हा, मग बघू. बँकेत आम्ही दोन लाखाला दोन जामीनदार, उतारा, आणि दहा ठिकाणी सह्या घेतो, आणि हा माणूस काहीच न घेता जातो, तेव्हाच खरं तर ओळखायला पाहिजे होतं की तारण काय ठेवून घेतलंय ते.

दीड वर्षांनी वित्त आयोगाच्या पैशातून बंदिस्त गटाराचं काम निघालं. ते त्याच ठेकेदाराला गेलं. काम कसं झालं ते पहिल्या पावसात सगळ्या गावाने बघितलं, झाकणं खचली, पाणी उलटं घरात. बिलावर सरपंचाची डिजिटल सही लागते, ती डोंगलने होते. सरपंच मला नंतर म्हणाले, साहेब, काम बोगस आहे हे मला कळत होतं, पण सही अडवली असती तर तो संध्याकाळी दारात येऊन दोन लाख मागणार होता, बायका-पोरांसमोर, आणि माझ्याकडे दोन हजार पण नव्हते. सही करून दिली. गावात बोभाटा झाला की सरपंचाने गटारात पैसे खाल्ले. त्या माणसाने एक रुपया खाल्ला नव्हता, हे मी त्याची खाती बघितलेला माणूस म्हणून सांगतो. पण लोकांना कसं कळणार, आणि कळून तरी काय उपयोग, गटार तर बोगसच झालं ना. लाच घेणारा आणि कर्जात अडकलेला, दोघांच्या सहीने गावाचं नुकसान सारखंच होतं, फरक एवढाच की दुसऱ्याला आधी कुणीतरी विचारलं असतं तर तो वाचला असता आणि गाव पण.

यात आमची बँक पण धुतल्या तांदळासारखी नाही आणि मी पण नाही. सरपंचांचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलं होतं. वरून तोंडी निरोप आला की ही फाईल जरा खाली ठेवा, पुढे सोसायटीच्या निवडणुका आहेत, ते आपल्या कामाचे आहेत. आम्ही ठेवली. दर मार्चला नवं-जुनं करून खातं चांगलं दाखवलं. आणि त्याच गावात एका विधवा बाईचे शेळीपालनाचे ४० हजार थकले होते तर तिच्या दारावर १०१ ची, म्हणजे सहकार कायद्यातली वसुलीची, नोटीस मी माझ्या हाताने चिकटवली. ती बाई काहीच बोलली नाही, दाराशी उभी राहून नुसती बघत होती. हे मला आजही झोपताना आठवतं. पदावरच्या माणसाचं कर्ज न मागणं ही पण त्याला दिलेली एक भेटच असते, नोटा दिल्यासारखीच, आणि ती कुठल्याही प्रतिज्ञापत्रात येत नाही. उलट तिथे रक्कम दिसते म्हणजे सगळं व्यवस्थित वाटतं.

हे फक्त खेड्यात होतं असं नाही. माझा भाचा आयर्लंडला असतो, त्याने तिथल्या एका पंतप्रधानाची गोष्ट सांगितली तेव्हा मी मिळेल ते वाचून काढलं, कारण ती अगदी बँकेच्या माणसाची गोष्ट आहे. चार्ल्स हॉही, डिसेंबर १९७९ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा अलाइड आयरिश या बँकेचं ११ लाख पौंडाच्या वर देणं होतं. जानेवारी १९८० ला टीव्हीवर येऊन देशाला सांगितलं की आपण सगळे ऐपतीपेक्षा जास्त खर्च करतोय, आणि त्याच महिन्यात बँकेने साडेसात लाखात तडजोड केली, तो पैसा पण दुसऱ्यांनी दिलेला. १९८३ मध्ये तिथल्या एका पेपरने या कर्जाची बातमी दिली तर बँकेने ती खोटी आहे म्हणून सांगितलं. लोकांना खरं कळायला १९९७ उजाडलं, चौकशी बसली तेव्हा बेन डन नावाच्या मोठ्या दुकानदाराने १३ लाख पौंड दिल्याचं बाहेर आलं, आणि २००६ च्या दुसऱ्या चौकशीच्या अहवालात १९७९ ते १९९६ मध्ये मिळालेली एकूण रक्कम ९१ लाख पौंडांच्या वर निघाली. त्याच डन यांच्या टॅक्सच्या भानगडीत हॉहींनी टॅक्स खात्याच्या प्रमुखाशी गाठ घालून दिली होती हे पण त्यात आहे. १९८० मध्येच लोकांना कळलं असतं की पंतप्रधान इतक्या देण्यात आहे, तर पुढची पंधरा-सोळा वर्षं कोण त्याचे खर्च भागवतंय हा प्रश्न कुणीतरी नक्की विचारला असता. बँकेने तोंड बंद ठेवलं आणि तो प्रश्न तसाच राहिला. आमच्या शाखेने जे ट्रॅक्टरच्या कर्जासाठी केलं तेच त्यांनी लाखो पौंडांसाठी केलं.

आपल्या कायद्यात पण या बाबतीत काही ताळमेळ नाही. ग्रामपंचायत सदस्याने घरपट्टीची मागणी आल्यावर तीन महिन्यांत भरली नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली त्याचं पद जातं, काही शे रुपयांसाठी लोकांची पदं गेलेली मी बघितली आहेत. सहकारी बँकेच्या संचालकाला थकबाकीदार झाला की सहकार कायद्याच्या ७३ कअ खाली खुर्ची सोडावी लागते. आणि आमदार-खासदार मात्र कोर्टाने दिवाळखोर ठरवून त्यातून मुक्त केलेला नसेल तरच अपात्र, बाकी कितीही कर्ज थकवलेलं असू दे, चालतं. म्हणजे जो बँकेचा संचालक राहू शकत नाही तो सहकाराचा कायदा करायला विधानसभेत बसू शकतो.

यावर लगेच काही लोक म्हणतात की मग थकबाकीदाराला उभंच राहू देऊ नका. मला ते अजिबात पटत नाही. तसं केलं तर बाग जळालेला शेतकरी, धंदा बुडालेला दुकानदार, आजारपणात घर गहाण पडलेला मास्तर, हे सगळे बाहेर, आणि राहतील फक्त ते ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे. पैशाने पद घ्यायची सवय कुठपर्यंत जाते ते २०२१ मध्ये आपण बघितलंच, नाशिक जिल्ह्यात उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव २ कोटी ५ लाखाला गेला, मंदिराच्या नावाने का होईना, आणि निवडणूक आयोगाने तिथली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. कर्जवाल्याला दार बंद केलं की मग उरतं ते हेच.

मला फक्त एवढंच पाहिजे की देणं उघड्यावर असावं, आणि निवडून आल्यावर पण दरवर्षी. खासदारांना शपथेपासून ९० दिवसांत मालमत्ता आणि देणी आपापल्या सभागृहाच्या अध्यक्षांकडे किंवा सभापतींकडे द्यावी लागतात, पण ती लोकांपर्यंत कुठे येतात. लोकप्रहरी नावाच्या संस्थेच्या याचिकेवर २०१८ मध्ये दिलेल्या निकालात सुप्रीम कोर्टाने लोकप्रतिनिधींच्या संपत्तीवर लक्ष ठेवायला कायमस्वरूपी यंत्रणा करा असं सांगितलं होतं. ती करताना देण्याची बाजू पण घ्या, आणि वरपासून नाही तर खालून सुरू करा. गावात वर्षाला चार ग्रामसभा होतात, त्यातली एक २६ जानेवारीची. त्या दिवशी सरपंच आणि सदस्यांनी आपलं कर्ज किती, कुणाचं, आणि तो देणारा पंचायतीचं काम करतो का, एवढं वाचून दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या वर्षी लोक हसतील, कुजबुज होईल. पण ठेकेदाराच्या हातातलं हत्यार त्याच दिवशी बोथट होतं कारण जे सगळ्या गावाला माहीत आहे त्याची धमकी देता येत नाही. आणि पदावरच्या माणसाची अडचण खरी असेल तर बँकेने त्याला सगळ्यांसारखी हप्त्यांची मुदत वाढवून द्यावी, उघड, कागदावर, बोर्डाच्या ठरावाने. फाईल खाली ठेवून नाही.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी उमेदवारांच्या संपत्तीचा तक्ता छापाल तेव्हा बाजूला दोन रकाने वाढवा, देणं किती आणि कुणाचं. प्रतिज्ञापत्रं वाचायला किचकट असतात, हाताने भरलेली, स्कॅन धड नसतं, तुमच्या तालुका प्रतिनिधीला निवडणुकीच्या धावपळीत तेवढा वेळ मिळत नसणार हे मी समजू शकतो. आमच्या तालुक्यापुरतं ते काम मी करून द्यायला तयार आहे, माझ्यासोबत अजून दोन रिटायर्ड सहकारी आहेत, आम्ही तिघं आयुष्यभर हेच कागद वाचत आलोय. अर्ज छाननीच्या दिवशी संध्याकाळी तहसीलला येऊन बसतो, फक्त आधी एक निरोप द्या.

आपला,
एक निवृत्त वसुली अधिकारी
ता. सांगोला, जि. सोलापूर