‘दप्तरी दाखल’ म्हणजे काय? मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मराठी भाषा मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

वयाच्या ६१ व्या वर्षीही सरकारदरबारी मी ‘अज्ञान’, म्हणजे अल्पवयीन, आहे. वडील गेले तेव्हा मी ९ वर्षांचा होतो, म्हणून गावच्या सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे आईच्या नावासह ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा चढला. आई जाऊन १४ वर्षे झाली. शेरा मात्र ठणठणीत आहे. तो कमी करावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जोडून अर्ज केला, तेव्हा महिन्याभराने एका ओळीचे उत्तर आले: ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’ दाखल झाला म्हणजे काम मार्गी लागले, अशा समजुतीने मी घरी पेढे आणले आणि पुढे ११ महिने वाट पाहिली. गेल्या सोमवारी खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितले, ‘काका, दप्तरी दाखल म्हणजे बंद.’

त्या रात्री रक्तदाबाची गोळी घेऊन मी शब्दकोश उघडला. ‘दप्तर’ आपल्याकडे फारसीतून आले आणि त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कातडे. माझा अर्ज कातड्यात गुंडाळला, एवढे तरी सरळ कळवायचे होते! याच अर्थाने कार्यालये ‘नस्तीबद्ध’ असेही लिहितात; नस्ती म्हणजे फाइल. संस्कृतात ‘नस्त’ म्हणजे नाक आणि ‘नस्तित’ म्हणजे वेसण घातलेला बैल. कागदाला भोक पाडून दोरा ओवतात, त्यावरून ही नस्ती आली असावी. वेसण कोणाच्या नाकात आहे, ते मला आता उमगले. मग ‘अज्ञान’च्या उलट शब्द पाहिला. अरबी ‘बालिग’चा अर्थ नुसता ‘वयात पोचलेला’ एवढाच आहे. आपल्या कायद्यातला ‘सज्ञान’ मात्र वय सोडून थेट अकलेला हात घालतो.

कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या, शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाचा मलाही अभिमान आहे, आणि शब्द कुठून आला याच्याशी माझे भांडणच नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एका कागदावर आले, लोकांनी त्याला ‘सातबारा’ म्हटले, आणि निरक्षर म्हातारीलाही तो कळतो. ‘दप्तरी दाखल’चा अर्थ मात्र शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येणार नाही, हे मी पैजेवर सांगतो; तो न कळण्यातच कार्यालयाची सोय आहे, कारण ज्याला नकार कळलाच नाही तो अपील कसले करणार? २०२४ साली तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपले सत्कारही झाले असतील. माझा शेरा जागेवर आहे.

अर्ज बंद केला असेल तर ‘बंद केला’ असे लिहावे, त्याचे कारण आणि अपिलाची मुदत त्याच कागदावर द्यावी, एवढा आदेश आपण सर्व खात्यांकडून काढवून घ्यावा. नवा अर्ज मी कालच दिला आहे.

आपला,
अज्ञान, वय वर्षे ६१
नौपाडा, ठाणे