जुनी डिस्क ड्राइव्ह घाईने सुरू करू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

१९७०च्या दशकातील डीईसी कंपनीच्या पीडीपी-११ या संगणकाची आरके०५ डिस्क ड्राइव्ह चालू करून पाहण्याचा मोह संग्राहकांनी आवरावा. तिची काढता येणारी, सुमारे अडीच एमबीची चकती मिनिटाला १५०० फेरे घेते आणि डेटा वाचणारे-लिहिणारे हेड तिच्यावर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. ड्राइव्हमधल्या जुन्या, झिजलेल्या फोमचा भुगा त्या फटीत गेला की हेड चकतीवर घासलेच म्हणून समजा.

म्हणून आधी फोम खरवडून काढा, हवेचा फिल्टर बदला. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. निकेल-कॅडमियम बॅटरी तर बदलाच. वीज गेल्यावर तीच हेड मागे खेचते; ती मेलेली असेल तर हेड थांबत्या चकतीवर टेकते. मग हेड हलवणाऱ्या कॉइलची जोडणी काढून, टाकाऊ चकती घालून ती फिरवत, अर्धा तास नुसती हवा खेळू द्या. त्यानंतरच जोडणी पुन्हा करून हेड चकतीवर उतरवा. किणकिण ऐकू आली की तत्क्षणी स्विच 'लोड'वर (म्हणजे हेड मागे घेऊन चकती थांबवण्याच्या स्थितीत) टाका.

खात्रीसाठी दुसरी चकती मात्र घालू नका! खराब हेड चांगली चकती खाते आणि ती चकती पुढच्या ड्राइव्हचे हेड. डेटा कायमचा जातो.

– एक वाचक