आधी गोदाम द्या, मग स्टार्टअप

महोदय,
वनाधारित 'नव्या उद्योगां'ची, म्हणजे जंगलातल्या मालावरच्या स्टार्टअपची चर्चा वाचली. आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला त्याची नवलाई नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क) आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती आल्यावर ग्रामसभा स्वतःच बांबू विकू लागली. पुढे विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाच्या विक्रीतही अनेक ग्रामसभा उतरल्या. मे महिन्यात पहाटे जंगल गाठून, दुपारी अंगणात ७०-७० पानांचे पुडे बांधणाऱ्या बाईला मजुरीशिवाय रॉयल्टीही (विक्रीतला वाटा) मिळू लागली. घोडे अडते ते पुढेच. पानांच्या लिलावाला दोनच ठेकेदार आले की भाव पडतो; माल ठेवायला जागा नाही, मग मिळेल त्या दराला द्या! ग्रामसभांना गोदाम आणि खेळते भांडवल द्या. स्टार्टअपचे नंतर बघू.

– एक वाचक, धानोरा (जि. गडचिरोली)