शुक्रवारी चारला फोन करू नकोस

प्रिय चिऊ,

फोनवर तू बोलायला लागलीस की मला मधे शिरायला जागाच मिळत नाही म्हणून लिहितेय, सावकाश वाच. आमच्या ह्या वृद्धांच्या वसाहतीतल्या ग्रुपवर शुक्रवारच्या हॅपी अवरचा जो फोटो आला आणि तुला काळजी वाटली, त्यात माझ्या हातात जो उंच ग्लास आहे त्यात क्रॅनबेरी ज्यूस आणि सोडा होता, वर लिंबाची चकती. हे आधी सांगून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता खरं पण सांगते, त्याच्या आदल्या शुक्रवारी मी अर्धा ग्लास व्हाइट वाईन घेतली होती, आणि आवडली नाही, आंबट होती. बाबा असते तर त्यांनी माझा पण संपवला असता.

तू ती लिंक पाठवलीस ना, सर्जन जनरलच्या पत्रकाची, म्हणजे अमेरिकन सरकारचे तेव्हाचे मुख्य डॉक्टर मूर्ती यांच्या, जानेवारी 2025 ची, की दारूने कॅन्सर होतो, तंबाखू आणि लठ्ठपणाच्या खालोखाल टाळता येण्यासारखं कारण म्हणजे दारू. वाचली मी पूर्ण. पण अगं त्याच डॉक्टर मूर्तींनी, हे आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या घरातले, मे 2023 मधे दुसरं एक पत्रक काढलं होतं की एकटेपणा हा दिवसाला पंधरा सिगरेटी ओढण्याइतका वाईट आहे. ते नाही पाठवलंस तू मला! मग मी दोन्हीचा मान ठेवते, एकटेपणाचं पत्रक म्हणून खाली हॉलमधे जाते आणि दारूचं म्हणून क्रॅनबेरी घेते.

तुला वाटतं हे लोक म्हातारपणी प्यायला बसतात. बसत नाहीत गं. दर शुक्रवारी चार ते पाच, पाचला डायनिंग हॉल उघडतो म्हणून बरोब्बर तासभर. दोन ड्रिंकच्या वर देत नाहीत, आणि वाईन म्हणजे पाच औंस, दीडशे मिली पण नाही. बाजूच्या असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे रोजच्या कामाला मदत लागणाऱ्यांच्या बिल्डिंगमधे तर डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय थेंब मिळत नाही, ग्लास भरून देणाऱ्या मुलीकडे यादी असते. आणि ते बरोबरच आहे, वय वाढलं की अंगातलं पाणी कमी होतं त्यामुळे तेवढ्याच दारूचा अंमल जास्त होतो, त्यात अर्धे लोक ब्लड थिनरवर, निम्मे झोपेच्या गोळीवर, आणि सगळ्यांना भीती एकच, पडायची. माझ्या टेबलावरच्या शिकागोच्या बाई एक बिअर घेतात आणि तासभर पुरवतात, शेवटी ती कोमट झालेली असते.

खायला मात्र माझे हाल. चीझचे तुकडे टूथपिकला टोचलेले, कोळंबी, अंड्यात काहीतरी पिवळं भरलेलं. मी आपली प्रेट्झेल आणि सेलरी चावत बसते.

खरं सांगू, पहिल्या शुक्रवारी मी प्लेट हातात घेऊन पाच मिनिटं उभी राहिले आणि परत वर आले. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात इथे, सदाशिव पेठेतल्या कट्ट्यावर परक्या माणसाने बसून दाखवावं तसं वाटलं मला. आणि एक जण म्हणाली, 'व्हेअर आर यू फ्रॉम,' मी गावाचं नाव सांगितलं, आपण 1979 पासून जिथे राहिलो तेच, तर म्हणाली नाही नाही, खरं कुठून. वर येऊन केळं खाल्लं आणि टीव्ही लावला. दुसऱ्या शुक्रवारी पण गेले नाही. तिसऱ्या शुक्रवारी हिवाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास मागे केलेली होती, चार वाजले तर खिडकीत उन्हं कलायला लागलेली. डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो हे तुला माहीतच आहे, तू शाळेतून यायचीस तेव्हा मी दिवे लावून बसलेली असायचे. तेव्हा घरात कुकरची शिट्टी असायची, तुझी बडबड असायची. आता ती कातरवेळ नुसती अंगावर येते. आई म्हणायची दिवेलागणीला माणसाने एकटं बसू नये, मी हसायचे तिला. इथे मेमरी केअरच्या, म्हणजे स्मृती गेलेल्यांच्या मजल्यावरच्या लोकांना ह्याच वेळेला जास्त अस्वस्थ व्हायला होतं, घरी जायचंय म्हणून दाराशी येऊन उभे राहतात, तिथली नर्स सांगत होती. म्हणून त्यांच्यासाठी पण एक ढकलगाडी वर पाठवतात, ज्यूस आणि बिस्किटं घेऊन. तर त्या दिवशी मी चप्पल घातली आणि खाली गेले.

आमच्या टेबलावर एक नेव्हीतले आजोबा आहेत, एक्याण्णव वर्षांचे. पुरुष म्हणजे ते आणि अजून तिघं, बाकी आम्ही पंचवीस बायका, त्यामुळे त्यांचा भाव वधारलेला. ते दर वेळेला सांगतात की हॅपी अवर हा शब्द नेव्हीने काढला, 1913 मधे आर्कान्सॉ नावाच्या युद्धनौकेवर. मला वाटलं थापा, कारण तेच आजोबा आपण दोन युद्धं एकट्याने जिंकली असंही सांगतात, पण शोधलं तर खरं निघालं गं! कंटाळलेल्या खलाशांसाठी बॉक्सिंग, गाणी, सिनेमा असा तो कार्यक्रम असायचा, आणि पुढच्याच वर्षी 1914 मधे नेव्हीने बोटींवर दारूच बंद केली. म्हणजे मूळ हॅपी अवर माझ्यासारखाच, क्रॅनबेरीवाला. आणि आपल्या मॅसॅच्युसेट्समधे तर बारवाल्यांनी हॅपी अवर म्हणून ठरावीक वेळेला स्वस्तात दारू द्यायला 1984 पासून बंदी आहे, तू तेव्हा दुसरीत होतीस, म्हणून आमच्या नोटीस बोर्डवर 'सोशल अवर' असं सोवळं नाव लिहिलेलं असतं. म्हणतात सगळे हॅपी अवरच.

मी त्यांना अण्णांच्या परमिटची गोष्ट सांगितली. पुण्याला दारूबंदीच्या दिवसांत अण्णांनी परमिट काढलं होतं, त्यावर छापलेलं असायचं की 'प्रकृतीच्या रक्षणासाठी'. आख्खं टेबल हसून हसून लोळलं. शिकागोच्या बाई आता ग्लास उचलताना 'फॉर माय हेल्थ परमिट' म्हणतात. चाळीस वर्षं शेजारी राहून जे लोक मला फक्त हॅलो म्हणत होते त्यांना मी कधी अण्णांबद्दल सांगितलं होतं का, आठवत नाही.

गाणी मात्र बोअर. कीबोर्डवाला येतो तो चाळीसच्या दशकातली गाणी वाजवतो, आणि आमच्यातले बरेचसे जन्मलेच तेव्हा! त्यांच्या तरुणपणी रॉक होतं, ही गाणी त्यांच्या आईवडिलांची. पण म्हातारे म्हणजे हीच गाणी असं त्याच्या डोक्यात बसलंय. त्यात कोणाचं हिअरिंग एड शिट्टी मारतं, कोणाचा वॉकर कोणाच्या पायावर. मी हे सगळं मजेत सांगतेय पण सगळं छान नाहीये, दोन टेबलं आहेत ती कोणाला बसू देत नाहीत, आणि एखादी बाई यायची बंद झाली की तिचं नाव कोणी काढत नाही, फक्त खुर्ची भिंतीला लावून ठेवतात.

आता काम. डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी प्रत्येकाने आपापल्याकडचं काहीतरी प्यायला करायचंय आणि मी हो म्हणून बसलेय. सोलकढी करणार. लाल रंग बघून यांना आवडेल, लसूण मी कमी घालीन. तर इंडियन स्टोअरमधून कोकम आगळ आण, ते सरबताचं गोड सिरप नको, बाटलीवर नीट वाच, मागच्या वेळेला तू तेच आणलं होतंस. खवलेल्या ओल्या नारळाची चार पाकिटं, फ्रोझन चालेल. हिरवी मिरची, कोथिंबीर. मिक्सर माझ्याकडे आहे पण भांड्याचं झाकण गळतं, तुझा छोटा घेऊन ये. आणि दुपारी अडीचलाच ये, नारळ वाटून दोनदा पिळायचा तर वेळ लागतो आणि माझी मनगटं आता तेवढी चालत नाहीत. जावईबापूंना पण आण, नेव्हीच्या आजोबांना नवीन माणूस मिळाला की ते आर्कान्सॉपासून सुरू करतात, तेवढा वेळ आपल्याला पेले भरायला मिळेल.

तुझी,
आई