फोन बाबांनाच लाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तू रागानं फोन ठेवलास. नवीन नोकरीचं सांगितलं तर बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले, त्यांना काही पडलेलंच नाही, असं म्हणालास. बाळा, त्यांना आनंद झाला होता, तो आवाजात उतरला नाही एवढंच. त्यांच्या या पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, छातीचे, स्वरयंत्राचे, जिभेचे स्नायू पुरते हलत नाहीत. स्वरतंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज बारीक आणि घोगरा होतो, चढउतार जातात. चेहऱ्याचंही तेच. फोन ठेवल्यावर ‘ताईला कळव’ असं मला दोनदा सांगितलं त्यांनी.

आणि तू लगेच ‘आईला दे’ म्हणालास. तेवढं म्हणू नकोस.

त्यांना आपण मोठ्यानं बोलतोय असंच वाटतं. स्वतःच्या आवाजाचं मापच मेंदूत चुकलेलं असतं. स्पीच थेरपिस्टनं पहिल्याच दिवशी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकवलं. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लावायला सांगितलं.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून स्वरतंतू पाहिले. गाठ वगैरे नाही ना, याची खात्री करूनच उपचार सुरू करतात. पद्धतीचं नाव एलएसव्हीटी लाऊड. ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स झालेल्या बाईंच्या नावावरून ठेवलेलं. त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू यावं, समजावं, एवढीच त्यांच्या घरच्यांची इच्छा होती. आठवड्यातून 4 दिवस, रोज एक तास, असे 4 आठवडे. ताठ बसायचं, पावलं जमिनीला टेकलेली, पोटभर श्वास, आणि ‘आ’ दम संपेपर्यंत. असं 15 वेळा. मग उंच सूर, खालचा सूर. मग रोजची 10 वाक्यं, प्रत्येक 5 वेळा. त्यातलं पहिलं वाक्य त्यांनी तुझं नाव घालून केलंय. तोंडापासून 30 सेंटिमीटरवर मोबाइल ठेवून आवाज किती मोठा निघाला तो डेसिबलचा आकडा बघतो. गळ्याच्या शिरा ताणल्या, आवाज दाबून निघाला, की थांबायचं. घसा ताणून ओरडणं म्हणजे मोठा आवाज नव्हे.

सूचना एकच द्यायची, ‘मोठ्यानं’. ‘हळू बोला, स्पष्ट बोला, श्वास घ्या’ असा भडिमार केला की काहीच होत नाही. आवाज मोठा काढायला गेलं की श्वास, तोंड उघडणं, उच्चार, सगळं आपोआप मागून येतं. सोळा दिवस झाले म्हणून सराव सोडायचा नसतो, नाहीतर आवाज परत खाली जातो. गोळीनं हात मोकळा होतो, आवाजाला तिचा तितकासा भरवसा नाही. तू मेंदूच्या शस्त्रक्रियेचं विचारलं होतंस. तिनं कंप कमी होतो, पण बोलणं सुधारेलच असं नाही, काहींचं बिघडतंही.

तुझ्याकडून काय हवं ते सांगते. व्हिडिओ कॉल कर, गाडीतून नको. प्रश्न विचारलास की मनात पाच आकडे मोज, त्यांचा पहिला शब्द उशिरा सुटतो. वाक्य तू पुरं करू नकोस. ‘काय?’ म्हणू नकोस, ऐकू आलं तेवढं म्हणून दाखव: ‘मंगळवारी कुठे जायचंय, बाबा?’ मग त्यांना एकच शब्द पुन्हा म्हणावा लागतो. आणि आईला दे...

पुन्हा तेच लिहायला लागले. रागावू नकोस, तुला शिकवत बसायचं नव्हतं. तिन्हीसांजेला गॅलरीतून त्यांनी मारलेली एक हाक मैदानापलीकडे ऐकू जायची, आणि तू बॅट घेऊन धावत यायचास. आता पाहुणे आले की ते माझ्याकडे बघतात, मी उत्तर द्यावं म्हणून. आणि मी देते. चुकतंच माझं. बोलणं असं दुसऱ्यावर सोपवत गेलं की माणूस गप्प होत जातो, मला त्याची फार भीती वाटते. पाणी पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओलसर येतो का, तेही बघत असते. श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाची धास्ती.

रविवारी त्यांची गोळी आठला असते, तासाभरानं अंग मोकळं होतं. नऊला फोन लाव, त्यांच्याच नंबरवर. मी उचलणार नाही. रिंग जरा जास्त वाजू दे, खुर्चीतून उठायला वेळ लागतो त्यांना.

तुझी,
आई