विकणाऱ्याने घराची दुरुस्ती लेखी सांगावी

महोदय,

कोकणातली जुनी घरे गिऱ्हाइकाला बहुधा मे महिन्यात दाखवली जातात. पाऊस नसतो, रंग ताजा असतो, आणि घरावर आजवर काय काय काम केले हे विचारायचे सुचत नाही. विकणाऱ्याने ते आपणहून लेखी द्यावे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

कौले बदलणे, फरशी घालणे, आतला गिलावा यांना नगररचना कायद्याची परवानगी लागत नाही. पण पडवी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बंद करून खोली काढली, कौलारू छप्पर उतरवून स्लॅब टाकला, तर ते नवे बांधकाम ठरते. 2020 च्या निसर्ग वादळानंतर डोक्यावर छप्पर हवे म्हणून घाईत केलेले काम समजून घेता येते. विकताना ते लपवणे नाही.

धोका कागदापुरता नाही. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जाते, कौलारू छपराचे शंभराच्या आत. मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंतीवर पाया न तपासता हा भार आला, की खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात. त्यात खारी हवा. उघड्या किनारी हवेतल्या काँक्रीटमध्ये सळईवर 45 मिमी कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, लागते, घरगुती कामात जेमतेम 20 मिमी सोडतात. सळई गंजून फुगते, काँक्रीट सुटते, आणि विक्रीआधी त्यावर नवा गिलावा फिरतो. स्लॅबला खालून हातोडीने हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आला किंवा सळईच्या रेषेत सरळ चीर दिसली, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 नुसार, साध्या पाहणीत न सापडणारा पण विक्रेत्याला ठाऊक असलेला मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. न सांगणे ही फसवणूक मानली जाते. खरेदीखतातले ‘आहे त्या स्थितीत’ हे छापील वाक्य त्याची जागा घेऊ शकत नाही.

‘घरपट्टी भरतो, म्हणजे घर अधिकृत’ हे तर साफ चूक. ग्रामपंचायतीचा नमुना 8 कर आकारणीसाठी असतो. मंजूर नकाशा मागून टेपने जोते मोजावे. समुद्राजवळच्या ना-विकास क्षेत्रात मूळ अधिकृत घराचीच दुरुस्ती चालते, तीही जोत्याचे क्षेत्र न वाढवता. वाढीव खोलीची नोटीस उद्या आली, तर ती नव्या मालकाच्या दारात येते.

म्हणून साठेखतालाच, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारालाच, परिशिष्ट जोडावे: कोणते काम, कोणत्या वर्षी, कुणाकडून, परवानगी क्रमांक; परवानगी नसेल तर ‘नाही’ असे स्पष्ट, आणि खाली विक्रेत्याची सही. विसार देण्याआधीच ही यादी मागावी. विक्रेता सहीला तयार नसेल, तर व्यवहार श्रावणापर्यंत थांबवून भर पावसात माळ्यावर चढून वासे आणि भिंतींची ओल पाहावी.

– बांधकाम व घरदुरुस्तीच्या कामातील काही वाचक, रत्नागिरी