लेखकांच्या कागदांना मुंबईत घर द्यावे: मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस सविनय नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी परळमधील आमच्या वाचनालयाजवळची एक चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. तिथे हयात घालवलेल्या एका दिवंगत गिरणी कामगार कवीच्या मुलीने तेव्हा पत्र्याची एक पेटी आमच्याकडे आणून दिली, कारण संक्रमण शिबिरातल्या खोलीत तिला जागा नव्हती. पेटीत अकरा वह्या होत्या, १९८२ च्या संपातील सभांची पत्रके होती आणि पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहिलेली कवने होती. आणखी दोन पेट्या आदल्याच आठवड्यात रद्दीत गेल्या होत्या. ही पेटी जतनासाठी घ्यावी म्हणून मी दोन संस्थांकडे गेलो. दोन्हीकडे आस्थेने ऐकून घेतले आणि जागा नसल्याचे सांगितले.

मराठी लेखकांची हस्तलिखिते, पत्रव्यवहार आणि टिपणवह्या सांभाळण्यासाठी शासनाने मुंबईत नेमून दिलेली जागा मला शोधूनही सापडली नाही. लेखक गेला की पुतळा, चौकाचे नाव आणि जयंती यांचा विचार होतो. त्याचे कागद मात्र कुटुंबाच्या पोटमाळ्यावर, वाळवी आणि पावसाळा यांच्या हवाली राहतात.

अरुण कोलटकरांचे उदाहरण घेतो, कारण या कागदांचे मोल त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखवलेले नाही. १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आल्यानंतर २००३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्यांचा मराठी संग्रह निघाला नाही. मग ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ आले, २००४ साली ‘द्रोण’ आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कवी गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात. एवढ्या वर्षांत लिहिले गेले त्यातले पुष्कळसे घरात, कागदांवरच होते. शिवाय ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहीत, त्यामुळे एखादी कविता एका भाषेतून दुसरीत कशी गेली हे छापील पुस्तकापेक्षा खर्ड्यांतूनच उलगडते. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने त्यांची पुस्तके निष्ठेने काढली; २००९ साली अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी त्यांच्या कवितांचा आणखी एक संग्रह संपादित केला. असे स्नेही प्रत्येक कवीला लाभत नाहीत.

नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ १९७२ साली आले. त्याची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनाही त्यातील अनेक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले होते. ढसाळ २०१४ साली गेले आणि कामाठीपुराही आता पुनर्विकासाच्या वाटेवर आहे. ते शब्द ज्या वस्तीत बोलले गेले ती वस्तीच पांगली, तर उद्याच्या अभ्यासकाने अर्थ विचारायचा कोणाला? अण्णा भाऊ साठे यांच्याबाबत अडचण वेगळी आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात वर्षानुवर्षे राहून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापल्या गेल्या. पण लाल बावटा कलापथकातून गायलेल्या शाहिरीचे पाठ साथीदारांच्या बाडांत विखुरले, आणि बाडे कोणी मोजून ठेवत नाही. ‘माझे विद्यापीठ’ लिहिणारे कवी नारायण सुर्वे आमच्या परळच्या या गिरणगावात वाढले आणि पालिकेच्या शाळेत शिकवत राहिले. त्यांच्या पिढीतील ज्यांचे नाव झाले नाही, त्यांच्या वह्यांची तर मोजदादच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. त्या मागणीसाठी आपण नाणेघाटातील शिलालेख आणि ‘गाथासप्तशती’ यांचे दाखले दिले. जतन झाले होते म्हणूनच ते दाखले देता आले.

चर्नी रोड येथील नियोजित मराठी भाषा भवनात लेखकांच्या कागदांसाठी एक स्वतंत्र, दमटपणापासून राखलेला कक्ष असावा, अशी माझी विनंती आहे. तिथे पुराभिलेखाचे रीतसर शिक्षण घेतलेली दोन-चार माणसे नेमावीत. कागद आम्लमुक्त खोक्यांत ठेवावेत, त्यांची सूची करावी आणि डिजिटल प्रत कुटुंबाला द्यावी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. कागद शासनाकडे दिल्याने तो जात नाही, हे कुटुंबांना लेखी सांगितले पाहिजे, कारण कित्येकजण त्या भीतीनेच पेटी उघडू देत नाहीत. आणि हे भवन उभे राहीपर्यंत थांबू नये. ज्या चाळी आज रिकाम्या होत आहेत तिथे पुनर्विकासाच्या नोटिशीबरोबरच ‘घरात हस्तलिखिते असल्यास कळवा’ एवढी एक ओळ आणि दूरध्वनी क्रमांक गेला, तरी पुष्कळ वाचेल.

ती पेटी अजून आमच्या वाचनालयातील कपाटावर आहे. गेल्या पावसाळ्यात तीन वह्यांची शाई फुटली. मृगाच्या आधी आपल्या खात्यातील जाणकार माणसाने येऊन ती पाहावी, अशी कळकळीची विनंती करतो.

आपला नम्र,
एका वाचनालयाचा स्वयंसेवक
परळ, मुंबई